खुरसिला : कान्हेरीच्या भिक्खूंचा वस्तरा आणि त्याचा दगड

१/ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास वसलेला हा विहार जवळजवळ हजार वर्षे नांदता होता. येथील भिक्खूंचे मस्तक मुंडलेले असे. मुंडनाला वस्तरा हवा आणि वस्तऱ्याला धार लावणारा दगड. हा थ्रेड त्या दगडाविषयी.

२/ पाली विनयपिटकातील चुल्लवग्ग सांगतो, की भिक्खूने केस दोन महिने किंवा दोन अंगुळे यांपेक्षा अधिक वाढू देऊ नयेत. त्याच ग्रंथात साधनांची परवानगी आहे: खुर म्हणजे वस्तरा, खुरसिला म्हणजे वस्तऱ्याचा दगड, खुरसिपाटिका म्हणजे वस्तऱ्याचे म्यान, शिवाय नमद्याचा तुकडा. मराठीतील ‘क्षौर’ हा शब्दही याच ‘क्षुर’ कुळातला.

३/ कान्हेरीच्या शिलालेखांत भद्रायणीय संप्रदायाचा उल्लेख येतो, तर पाली विनय थेरवादी परंपरेचा आहे. संप्रदायागणिक नियमांचे तपशील बदलत. मुंडन मात्र सर्वांना समान होते.

४/ चुल्लवग्गात ‘सत्थक’ म्हणजे लहान चाकूचीही परवानगी आहे. चीवराचे कापड हाताने फाडले की ते वेडेवाकडे फाटे, म्हणून हा चाकू. एकाच भिक्खूजवळ अशी दोन पाती असू शकत. पण दगडाला नाव मिळाले ते वस्तऱ्याचे. याचे कारण धारेच्या स्वभावात आहे.

५/ आजच्या मोजमापात वस्तऱ्याच्या धारेचा कोन साधारण १६ ते १८ अंशांचा, तर स्वयंपाकघरातील चाकूचा ३० ते ४० अंशांचा असतो. चाकूच्या धारेवर दगडाने पाडलेले सूक्ष्म दाते राहिले, तर कापताना ते उपयोगीच पडतात. तेच दाते वस्तऱ्यावर राहिले, तर त्वचा सोलवटते. म्हणून चाकूला भरड दगड चालतो. वस्तऱ्याला अतिशय बारीक कणांचा लागतो.

६/ दुसरी अट सपाटीची. उघड्या वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकवून घासतात. पाठीची जाडीच कोन ठरवते. चाकू, कोयते घासून मध्ये खोलगट झालेल्या सहाणेवर वस्तरा ठेवला, तर धार बिघडते. ‘सहाण’ हा शब्द संस्कृत ‘शाण’वरून आला, शाण म्हणजे धार लावण्याचा दगड.

७/ मग भोवती डोंगरच असताना दगडाची वाण कशी? कान्हेरी काय किंवा अंधेरीची गिल्बर्ट टेकडी काय, सारा ज्वालामुखी खडक. त्यातील मुख्य खनिजांची कठीणता ६ च्या आसपास, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाच्या जवळपास. विळ्या-कोयत्याला असा दगड निभावून नेतो. उत्तम धारेसाठी मात्र ७ कठीणतेचे क्वार्ट्झचे बारीक कण किंवा ९ कठीणतेचा कुरुंद लागतो. चाकूचे काम दारातल्या दगडावर भागते. वस्तऱ्याचा दगड पारखून आणावा लागतो.

८/ कान्हेरी जगापासून तुटलेली नव्हती. कल्याण आणि सोपारा ही व्यापारी केंद्रे जवळ होती. कल्याणच्या एका लोहाराने दिलेल्या दानाची नोंद इथल्या शिलालेखांत आहे. सर्वसंगपरित्यागी संघही कारागिरांच्या आधारावर उभा होता.

९/ या परवानगीला एक विलक्षण अपवाद आहे. महावग्गातील कथेनुसार आतुमा गावी पूर्वी न्हावी असलेल्या एका वृद्ध भिक्खूने आपल्या मुलांना वस्तऱ्याचे साहित्य देऊन घरोघर पाठवले आणि संघाच्या भोजनासाठी धान्य गोळा केले. त्यानंतर नियम झाला: पूर्वाश्रमीच्या न्हाव्याने क्षौराचे साहित्य जवळ बाळगू नये. इतरांना जे साधन, ते त्याला धंद्याचे हत्यार ठरले. हत्यार तेच, धरणारा हात कोणाचा, यावर नियम बदलला.

१०/ आणि तरीही परंपरा सांगते, की राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संपूर्ण विनयाची उत्तरे ज्यांनी दिली ते स्थविर उपाली पूर्वाश्रमीचे न्हावीच होते. वस्तरा आणि खुरसिला यांचे नियम ज्या विनयात आहेत, त्याचा अधिकारी पुरुष त्याच कारागिरीतून आला होता.

११/ आज उपनगरांतील सलूनमध्ये बदलत्या पात्याचा वस्तरा आला आणि न्हाव्याच्या धोकटीतला दगड मागे पडला. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा मात्र सायकलवरचे चाक फिरवत अजून गल्ल्यांतून दिसतो. त्याच्या चाकावर उघडा वस्तरा कधीही देऊ नये.

१२/ जुना वस्तरा जतन करणाऱ्यांनी दोन दगड वेगळे ठेवावेत. जपानी क्रमवारीत चाकूला १००० क्रमांकाचा दगड पुरतो. वस्तऱ्याचा शेवटचा हात ८००० किंवा त्याहून बारीक दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर. वस्तऱ्याचा दगड चाकूसाठी वापरू नये, म्हणजे त्याची सपाटी टिकते. ‘खुरसिला’ या स्वतंत्र नावामागचे व्यावहारिक शहाणपण आजही तितकेच खरे आहे.