एकरेषीय वादनलेखन व बोलांच्या वह्या

गेल्या पावसाळ्यांत एका कीर्तनकार घराण्याच्या दप्तरांतील पखवाजाच्या बोलांची एक वही नकल करण्याकरितां आमच्या हातीं आली. लिपि बाळबोध, अक्षर वळणदार, कडा कसरीनें खाल्लेल्या. लेखकाचें नांव अथवा शक कोठेंच नाहीं. बोल पोथीप्रमाणें सलग लिहिलेले असून मात्रांची खूण एकही नाहीं. शेवटच्या कांहीं पानांवर, बहुधा दुसऱ्या हातचे, तबल्याचे ठेके आहेत. मालकांची इच्छा अशी पडली कीं, नुसत्या अक्षरांची नकल न करितां ती संगणकावर एकरेषीय पद्धतीनें करावी, म्हणजे पुढें कोणासही वाजवितां येईल. त्या खटाटोपांत जें आढळलें तें संग्राहकांपुढें ठेवण्यासारखें वाटतें.

पाश्चात्य स्वरलेखनांतील पांच रेषा स्वराची उंची दाखविण्याकरितां असतात. ज्या वाद्याचा स्वर निश्चित नाहीं त्यास पांचांची गरज नाहीं. म्हणून एकच आडवी रेषा ओढून आरंभीं दोन जाड उभ्या रेघा काढितात, व रेषेवरील चिन्हांनीं काल तेवढा दाखवितात. म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको इत्यादि संगणकीय साधनांत ही सोय आहे. मात्र पांच रेषांची एक केली म्हणजे काम झालें असें नव्हे. प्रत्येक आघाताचें स्थान, चिन्हाचा आकार व त्यास जोडलेला नाद हीं सर्व पुन्हां ठरवावीं लागतात. न ठरविल्यास पांच रेषांकरितां योजिलेलीं चिन्हें रेषेखालीं अधांतरीं लोंबतात. आमचें पहिलें पान असेंच लोंबत होतें. नादांचीही तीच अडचण. इ. स. १९९१ सालीं ठरलेल्या जनरल मिडी संकेतांत आघातवाद्यांचे ४७ नाद आहेत. त्यांत बोंगो व कोंगा आहेत, पखवाज अथवा तबला नाहीं.

आघातवाद्य म्हणजे स्वरहीन वाद्य ही समजूत आमच्या शास्त्रांत मुळींच नाहीं. नाट्यशास्त्रांत पुष्करवाद्यें स्वरांत मिळविण्याच्या मायूरी, अर्धमायूरी व कार्मारवी अशा तीन मार्जना सांगितल्या आहेत, आणि वादनाचीं सोळा अक्षरें दिलीं आहेत: कवर्ग, टवर्ग व तवर्ग यांतील अनुनासिक सोडून प्रत्येकीं चार, शिवाय म, र, ल, ह. लहानमोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचे निरनिराळे नाद ऐकून स्वातिमुनीनें हीं वाद्यें निर्मिलीं, अशी कथा तेथेंच आहे. कथा ती कथाच. पण नादांतील भेद अक्षरांनीं धरून ठेवावा ही दृष्टि तींत स्पष्ट दिसते. युरोपांतही हें अगदींच अपरिचित नव्हतें. त्वानो आर्बो याच्या इ. स. १५८९ च्या नृत्यविषयक ग्रंथांत ढोलाच्या ठोक्यांस अक्षरनामें दिलीं आहेत.

कालाकरितां आमच्याकडे निराळी चिन्हें होतीं. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरांत तालाध्याय व वाद्याध्याय हे स्वतंत्र आहेत. द्रुत, लघु, गुरु, प्लुत या तालावयवांपैकीं द्रुताचें चिन्ह ० असून त्याचें मान अर्ध्या लघूचें. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या लिपींतही ० म्हणजे अर्धी मात्राच. परंतु भातखंडे यांच्या लिपींत तेंच ० खालीचें चिन्ह झालें. याहून घातक प्रकार फुलीचा. पलुसकरांची + म्हणजे खाली, भातखंड्यांची × म्हणजे सम. घाईनें उतरविलेल्या वहींत ह्या दोहोंतील भेद उरत नाहीं, आणि समेच्या जागीं खाली वाचली जाते. वही कोणत्या संप्रदायाची हें ठरल्यावांचून तींतील एकही खूण वाचूं नये. आमच्या वहींत खुणाच नाहींत हें त्या मानानें सुदैव समजावयाचें.

खुणा नसतां काल कसा ठरवावा? आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, तेव्हां हात छंदःशास्त्राकडे वळला. वहींतील चौताल असा: धाधादिंताकिटधादिंतातिटकतगदिगन. अक्षरें १७, त्यांत गुरु ७ व लघु १०. गुरूचे दोन व लघूचा एक धरिला तर बेरीज २४ येते, आणि दोन लघूंची एक मात्रा मानिली तर बरोबर १२ मात्रा होतात. चौतालाच्या मात्रा बाराच. आम्हांस जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाहीं, कारण तो फार टिकला नाहीं.

पुढें तबल्याच्या पानावर धिंधिंधागेतिरकिटतूनाकतताधागेतिरकिटधीना असा मजकूर निघाला. त्याच गणितानें बेरीज ३२, म्हणजे मात्रा १६. हा त्रितालाचाच एखादा प्रकार असावा असें समजून आम्हीं चार चार मात्रांचे चार खंड पाडिले, व संगणकानें तें निमूटपणें वाजविलें. एका तबलावादक स्नेह्यांनीं तें ऐकिलें आणि हंसून सांगितलें कीं, हा एकताल, मात्रा १२. ‘धागे’ हीं दोन गुरु अक्षरें एकाच मात्रेंत, ‘तिरकिट’ हीं चार लघु अक्षरेंही एकाच मात्रेंत. छंदाचा नियम एका ठेक्यास लागतो, दुसऱ्यास लागत नाहीं. आणि कोठें लागतो हें वहींत लिहिलेलें नसतें, तें गुरुमुखानें आलेलें असतें.

एकरेषीय नकलेंतील खरा धोका हाच. पोथींतील अक्षर कालाविषयीं मुकें राहूं शकतें. संगणकांत मात्र प्रत्येक चिन्हास काल द्यावाच लागतो, व खंड अपुरा राहिल्यास साधन आपण होऊन तेथें विराम भरतें. मग संपादकाचा तर्क व मूळ पाठ एकाच शाईनें छापले जातात. आमचा सोळा मात्रांचा एकताल तसाच प्रसिद्ध झाला असता तर पुढील अभ्यासकानें ‘प्राचीन पाठ’ म्हणून तो उद्धृत केला असता.

दुसरें न्यून असें कीं, एका रेषेवर ‘धा’ आणि ‘ता’ सारखेच दिसतात; वस्तुतः ‘धा’ दोन्ही हातांचा, ‘ता’ उजव्याचा. येथें स्वित्झर्लंडांतील बाझलच्या ढोलवादकांची युक्ति उपयोगीं पडली. फ्रिट्झ बेर्गर यांनीं इ. स. १९२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत एका हाताचे आघात रेषेच्या एका बाजूस व दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूस लिहितात. तबल्याचे आघात वर व डग्ग्याचे खालीं असे मांडितांच त्रितालाच्या प्रचलित ठेक्यांतील एक गोष्ट डोळ्यांस दिसली: खालीची खूण नवव्या मात्रेवर असली तरी डग्ग्याचा घुमारा सुटतो तो दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत. ऐकणाऱ्यास हें ठाऊक असतेंच. कागदावर आम्हीं तें प्रथम पाहिलें.

सांप्रत आम्ही नकल करितों ती अशी. मूळ अक्षरें रेषेखालीं, शुद्धाशुद्धीसकट, गीताच्या ओळीप्रमाणें. जेथें काल आमच्या तर्कानें दिला तेथें चिन्ह कंसांत. आणि शेजारीं पानाचें छायाचित्र. संगणकीय प्रत एकाच साधनाच्या सांकेतिक रूपांत न ठेवितां म्यूझिक एक्सएमएल या सर्वसाधारण रूपांतही ठेवितों, व कागदावर छापून घेतों. इ. स. १९८८ पासून चाललेल्या फिनाले या साधनाचा विकास ऑगस्ट २०२४ मध्यें बंद झाला, हें उदाहरण ताजें आहे. वहीच्या दोन पानांचा काल अद्याप लागलेला नाहीं. तेथें विराम लपवून रेषा मोकळी ठेविली आहे, व खालीं अक्षरें तेवढीं दिलीं आहेत.