फेअरवे वुड : पोलाद आणि टिटॅनियम

गॉल्फच्या मैदानात खेळ सुरू करण्याची जागा आणि छिद्राभोवतालची हिरवळ यांच्या दरम्यान बारीक कापलेल्या गवताचा जो लांबट पट्टा असतो, त्यास ‘फेअरवे’ म्हणतात. त्या गवतावर पडलेला चेंडू दूर टोलविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काठ्यांना ‘फेअरवे वुड’ अशी संज्ञा आहे. नावात लाकूड असले, तरी आज त्यांच्या डोक्यात लाकडाचा अंशही नसतो. ते पोकळ असून पोलादाचे किंवा टिटॅनियमच्या मिश्रधातूचे केलेले असते. या दोन धातूंपैकी कोणता निवडावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु काठ्यांच्या किमती पाहता, हौशी खेळाडूंपेक्षा मैदानावर राबून खेळ शिकणाऱ्यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

भारतात हा खेळ ब्रिटिशांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ मध्ये व मुंबईचा १८४२ मध्ये स्थापन झाला. मुंबईच्या क्लबाच्या आरंभकाळी चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून केलेला असे, आणि काठीचे डोके बीच, सफरचंद, नासपती यांसारख्या झाडांच्या लाकडाचे असे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा टणक चेंडू प्रचारात आला. (गटापर्चा हा मलायातील एका वृक्षाचा चीक होय, हा वृक्ष आपल्याकडील मोहाच्याच कुलातील आहे.) खडकाळ जागी तळ झिजू नये म्हणून काही काठ्यांच्या बुडाला पितळेची पट्टी ठोकीत, त्यावरून अशा काठीस ‘ब्रॅसी’ म्हणत. पुढे डोक्यासाठी अमेरिकेतील पर्सिमनचे लाकूड सर्वमान्य ठरले. विदर्भातील जंगलांत आढळणारी व जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी आणि हा पर्सिमन यांची प्रजाती एकच आहे. दोहोंचे लाकूड कठीण व जड असते.

पोलादाचा प्रवेश प्रथम डोक्यात नव्हे, तर दांडीत झाला. हिकरीच्या लाकडी दांडीऐवजी पोलादी दांडी वापरण्यास अमेरिकन संघटनेने १९२४ मध्ये व सेंट अँड्र्यूजच्या मंडळाने १९२९ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर सुमारे अर्धशतक पोलादी दांडी आणि पर्सिमनचे डोके हीच जोडी रूढ होती. १९७९ मध्ये गॅरी अ‍ॅडम्स याने ‘टेलरमेड’ ही कंपनी काढून अगंज पोलादाचे पोकळ डोके असलेली काठी बाजारात आणली. धातूच्या पोकळ डोक्यात वजन कडेकडेला वाटले जाते; त्यामुळे चेंडू मध्यभागी न लागला, तरी डोके कमी फिरते व फटका फारसा वाकडा जात नाही. मात्र लाकूड लगेच हद्दपार झाले नाही. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा जिंकताना बर्नहार्ड लांगर याच्या हाती पर्सिमनचीच काठी होती.

यापुढील कथा मुख्यतः पहिल्या फटक्याच्या काठीची, म्हणजे ‘ड्रायव्हर’ची आहे. कॅलवे कंपनीच्या १९९१ मधील पोलादी ‘बिग बर्था’चे आकारमान सु. १९० घ. सेंमी. होते; १९९५ मध्ये तिची टिटॅनियमची आवृत्ती सु. २५० घ. सेंमी.ची निघाली. आकार वाढतच गेला व अखेर २००४ मध्ये ४६० घ. सेंमी.ची मर्यादा घालावी लागली. या वाढीचे कारण घनतेत आहे. पोलादाची घनता पाण्याच्या सु. ७.८ पट, तर टिटॅनियमच्या मिश्रधातूची सु. ४.४ पट असते. डोक्याचे वजन सु. २०० ग्रॅम ठेवावयाचे, तर पोलाद सु. २६ घ. सेंमी. मिळते व टिटॅनियम सु. ४५. ४६० घ. सेंमी.चे पोकळ डोके तेवढ्या पोलादात घडविल्यास भिंतीची सरासरी जाडी १ मिमी.हूनही कमी भरेल आणि असे डोके टिकणार नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत टिटॅनियमचा विजय म्हणूनच निर्विवाद ठरला.

फेअरवे वुडला हा हिशेब लागू पडत नाही, आणि जाहिरातींत नेमके तेच सांगितले जात नाही. ड्रायव्हरच्या फटक्यासाठी चेंडू खुंटीवर उचलून ठेवता येतो. फेअरवेवर तो जमिनीलगत पडलेला असतो. त्याखाली शिरून तो उचलावयाचा, तर डोके लहान व मुखपृष्ठ बुटके हवे. सु. १७० घ. सेंमी.च्या डोक्यात २१० ग्रॅम पोलाद दीड मिमी.हून अधिक जाडीने सहज बसते. टिटॅनियम वापरल्यास वजन उरते, आणि ते तळाशी जड धातूच्या रूपाने परत घालावे लागते. २०२० मधील ‘सिम टीआय’ या टिटॅनियमच्या काठीच्या तळाशी ८० ग्रॅम पोलाद बसविलेले होते, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो, हा लाभ खरा आहे. पण तो मर्यादित आहे.

टिटॅनियम पोलादापेक्षा अधिक लवचिक असते, हा दुसरा दावा. तोही खरा आहे. परंतु बुटके मुखपृष्ठ मुळातच कमी लवते. शिवाय अतिबलवान पोलादाचे पातळ मुखपृष्ठ व तळाला पाडलेली खाच यांनी बराचसा परिणाम साधता येतो. २०१२ च्या ‘रॉकेटबॉल्झ’ या पोलादी काठीने ते दाखवून दिले. वितळलेले टिटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्याशी संयोग पावते, म्हणून त्याचे ओतकाम निर्वातात करावे लागते. किमतीतील फरकाचे हे एक मोठे कारण होय.

दख्खनमधील मैदाने उन्हाळ्यात कडक होतात. चेंडू कोरड्या जमिनीला चिकटून बसतो, आणि तेथे धातूपेक्षा मुखपृष्ठाची उंची व कल यांना अधिक महत्त्व येते. सामान्य वेगाने फटका मारणाऱ्यास १५ अंशांच्या नव्या टिटॅनियमच्या काठीपेक्षा १८ अंशांची जुनी पोलादी काठी अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वेगवान फटका मारणाऱ्या व्यावसायिकाचे गणित निराळे. त्याला थोडी वाढही मोलाची असते.

भारतीय गॉल्फमधील अनेक नामवंत श्रीमंत घरांतून आलेले नाहीत. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर पिशव्या वाहणारा कॅडी होता. २०१६ व २०१७ मध्ये तीच स्पर्धा जिंकणारा एस. एस. पी. चौरासिया हा कलकत्त्याच्या क्लबातील हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा. अशा खेळाडूंच्या हाती प्रथम येतात त्या सभासदांनी टाकून दिलेल्या काठ्या. सभासद टिटॅनियमकडे वळला की त्याची पोलादी काठी मोकळी होते, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे ती घेणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. ड्रायव्हरबाबत मात्र असे म्हणता येणार नाही. मुंबईत चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्तीत तेवढीही काठी न मिळालेली मुले बांधकामाच्या सळईचे टोक वाकवून, मुठीला प्लास्टिकची नळी चढवून, गल्लीबोळांत गॉल्फ खेळत आली आहेत.