वेबसाइट जलद उघडण्यासाठी फोटो कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावेत? जेपीजी, पीएनजी, वेबपी आणि एव्हीआयएफ यांतला फरक

मोबाइलवर एखाद्या दुकानाची किंवा होमस्टेची लिंक उघडली, की आधी मजकूर दिसतो आणि फोटोंच्या जागी रिकामे चौकोन राहतात. नेटवर्क चांगले असेल तर ते लगेच भरतात. घाटात किंवा गर्दीच्या लोकलमध्ये नेटवर्क अडखळत असेल, तर बघणारा कंटाळून मागे फिरतो. दोष दर वेळी नेटवर्कचाच नसतो. अनेकदा पानावर टाकलेले फोटोच गरजेपेक्षा कितीतरी जड असतात. हे ओझे तीन प्रकारे कमी करता येते : फोटोचे माप घटवणे, योग्य फॉरमॅट निवडणे आणि कॉम्प्रेशन बेताचे ठेवणे. चर्चा फॉरमॅटची जास्त होते, पण सुरुवात मापापासून करावी लागते.

फोटो इतका जड का असतो?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर हा फोटो जसाच्या तसा साठवायला ३६ एमबी जागा लागेल. मोबाइल तो जेपीजीमध्ये दाबून बसवतो आणि फाइल साधारण तीन-चार एमबीवर येते.

वेबसाइटवर मात्र एवढ्या ठिपक्यांची गरज नसते. मोबाइलचा पडदा बहुधा हजारभर पिक्सेल रुंद असतो. तोच फोटो १२०० बाय ९०० मापाचा केला, तर ठिपके १० लाख ८० हजार उरतात, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शाइतके. पडद्यावर फरक जवळपास दिसत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहू. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचे वजन मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे सेकंदाला ४ मेगाबिट वेग असताना ४ एमबीचा एक फोटो उतरायला ८ सेकंद लागतात. पानावर असे दहा फोटो असतील तर ८० सेकंद जातात आणि बघणाऱ्याच्या डेटा पॅकमधले ४० एमबीही. तेच दहा फोटो प्रत्येकी १५० केबीचे केले, तर सगळे मिळून ३ सेकंदांत उतरतात.

पानावरचा सर्वांत मोठा भाग, बहुधा वरचा मोठा फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची शिफारस आहे. पान वापरताना येणारा असा अनुभव गुगल शोधनिकालांची क्रमवारी ठरवतानाही विचारात घेते. त्यामुळे जड फोटोंचा फटका आलेल्या ग्राहकापुरता राहत नाही. नवे ग्राहक पानापर्यंत पोहोचण्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

जुने तीन फॉरमॅट : जीआयएफ, जेपीजी आणि पीएनजी

जीआयएफ हा यांतला सर्वांत जुना. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने तो १९८७ मध्ये आणला. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. म्हणून फोटोसाठी तो निरुपयोगी ठरतो, पण लहान हलत्या चित्रांमुळे अजून टिकून आहे.

जेपीजीचे प्रमाण १९९२ मध्ये ठरले. 'जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप' या तज्ज्ञगटावरून त्याला नाव मिळाले. माणसाचा डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला बारीक फरक तितका टिपत नाही. जेपीजी याचाच फायदा घेतो. तो रंगांची माहिती कमी करतो, चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार टाकून देतो. त्यामागचे गणित 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या नावाने ओळखले जाते. ते बंगळूरुत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये शोधनिबंधातून मांडले. त्याआधी या कल्पनेसाठी अहमद यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, पण तो मिळाला नाही. आज मोबाइलमधल्या जवळपास प्रत्येक जेपीजी फोटोत हेच गणित वापरलेले असते.

पीएनजीचा जन्म वादातून झाला. जीआयएफमध्ये वापरलेल्या कॉम्प्रेशन पद्धतीचे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. जीआयएफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी परवाना शुल्क लागेल, असे १९९४ च्या अखेरीस जाहीर झाले. त्यावर प्रोग्रॅमरांनी एकत्र येऊन कोणालाही मुक्तपणे वापरता येईल असा नवा फॉरमॅट तयार केला. १९९६ मध्ये तो प्रमाण म्हणून मान्य झाला. पीएनजी चित्रातली कोणतीही माहिती टाकत नाही आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू शकतो. त्यामुळे लोगो, स्क्रीनशॉट आणि अक्षरे असलेली चित्रे त्यात स्वच्छ दिसतात. फोटो मात्र पीएनजीमध्ये ठेवला, तर जेपीजीच्या कितीतरी पट जड होतो.

वेबपी आणि एव्हीआयएफ काय वेगळे करतात?

वेबपी हा फॉरमॅट गुगलने २०१० मध्ये जाहीर केला. त्याचे तंत्र व्हिडिओतून आले आहे. चित्राचा एखादा तुकडा साठवण्याआधी वेबपी शेजारच्या तुकड्यांवरून तो कसा असेल याचा अंदाज बांधतो. मग अंदाज आणि प्रत्यक्ष चित्र यांतला फरक तेवढा साठवतो. निळे आकाश किंवा पांढरी भिंत असेल तर अंदाज बरोबर येतो आणि साठवण्यासारखे थोडेच उरते. तेवढ्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा वेबपी फाइल २५ ते ३४ टक्क्यांनी लहान होते, असे गुगलचे म्हणणे आहे. जेपीजीसारखे माहिती टाकणारे आणि पीएनजीसारखे काहीही न टाकणारे, असे दोन्ही प्रकारचे कॉम्प्रेशन वेबपीत आहे. पारदर्शक आणि हलती चित्रेही त्यात ठेवता येतात.

इतका सोयीचा असूनही वेबपीचा प्रसार बरीच वर्षे अडून राहिला, कारण ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये तो दिसत नव्हता. २०२० मध्ये सफारीच्या १४ व्या आवृत्तीत तो आला आणि ही अडचण संपली. आज सर्व प्रमुख ब्राउझर वेबपी दाखवतात.

एव्हीआयएफ आणखी नवा आहे. गुगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, मोझिला, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांच्या आघाडीने बनवलेल्या एव्ही१ या व्हिडिओ तंत्रावर तो आधारलेला आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१९ मध्ये आली. अनेकदा तो वेबपीपेक्षाही लहान फाइल देतो. मात्र रूपांतराला वेळ जास्त लागतो आणि जुन्या मोबाइलवर तो उघडेलच असे नाही.

कोणत्या चित्रासाठी कोणता फॉरमॅट?

• माणसे, निसर्ग, खाद्यपदार्थ किंवा वस्तूंचे फोटो : वेबपी. शक्य असेल तर एव्हीआयएफ, आणि जुन्या ब्राउझरसाठी सोबत जेपीजी.
• साधा लोगो, चिन्हे, बटणे : एसव्हीजी. यात ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार यांचे वर्णन साठवलेले असते. त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत.
• स्क्रीनशॉट, तक्ते, मराठी अक्षरांची पोस्टर : पीएनजी किंवा माहिती न टाकणारा वेबपी. जेपीजीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांभोवती धुरकट डाग दिसू लागतात.
• हलती चित्रे : जीआयएफऐवजी लहान एमपी४ व्हिडिओ किंवा हलता वेबपी.
• लिंक शेअर केल्यावर दिसणारे चित्र : जेपीजी किंवा पीएनजी. लिंक कोणत्या ॲपमध्ये उघडेल हे सांगता येत नाही, म्हणून इथे सर्वांना चालणारा फॉरमॅट बरा.

रूपांतर कसे करायचे?

१. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावा. सर्व काम त्याच्या प्रतीवर करावे.

२. आधी माप घटवावे. पानभर दिसणाऱ्या फोटोसाठी साधारण १२०० ते १६०० पिक्सेल रुंदी पुरते. यादीतल्या लहान चौकोनांसाठी ४०० ते ६०० पिक्सेल पुरतात.

३. मग फॉरमॅट बदलावा. गुगलच्या क्रोम विभागाचे 'स्क्वूश' हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. ते मूळ आणि नवे चित्र शेजारी-शेजारी दाखवते. रूपांतर आपल्याच यंत्रावर होते, फोटो कुठे पाठवला जात नाही. शेकडो फोटो असतील तर 'इमेजमॅजिक'सारखे मोफत सॉफ्टवेअर एका आज्ञेत सगळे बदलते.

४. दर्जाचा आकडा ७५ ते ८० पासून सुरू करावा आणि निकाल डोळ्यांनी तपासावा. इथे चित्र काय आहे यावर बरेच ठरते. समजा, येवल्यातल्या एखाद्या विक्रेत्याला पैठणीचा फोटो टाकायचा आहे. मागच्या कोऱ्या भिंतीला कमी दर्जा चालेल, पण पदरावरच्या मोरांची जर पुसट झाली तर ग्राहक साडी कशावरून पसंत करणार? अशा फोटोला थोडे जास्त केबी देणेच शहाणपणाचे.

५. पानावर टाकताना फोटोची रुंदी आणि उंची नोंदवावी. म्हणजे फोटो येण्याआधीच त्याची जागा राखली जाते आणि वाचताना मजकूर उड्या मारत नाही. खालचे फोटो वाचक तिथवर पोहोचल्यावरच उतरतील अशी सोय करावी. वरच्या मुख्य फोटोला मात्र ही सोय लावू नये, कारण त्याने तो उलट उशिरा दिसतो.

वर्डप्रेसवर वेबसाइट असेल तर काम सोपे आहे. वर्डप्रेस २०२१ पासून वेबपी आणि २०२४ पासून एव्हीआयएफ स्वीकारते.

डाउनलोड केलेला फोटो वेबपी निघाला तर?

वेबसाइटवरून फोटो जतन केला, की अनेकदा वेबपी फाइल मिळते आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडत नाही. मग काही जण फाइलच्या नावातला शेवटचा भाग बदलून तिथे जेपीजी लिहितात. असे केल्याने फाइल बदलत नाही, फक्त नाव बदलते. ऑनलाइन अर्जासोबत अशी फाइल जोडली तर ती नाकारली जाऊ शकते. फाइल चित्र-संपादकात उघडून 'सेव्ह ॲज' मधून जेपीजी निवडले, तरच खरे रूपांतर होते. आयफोनच्या एचईआयसी फोटोंनाही हेच लागू पडते.

कोणत्या चुका टाळाव्यात?

जेपीजीचे पीएनजी केल्याने फोटो सुधारत नाही. टाकून दिलेली माहिती परत येत नाही, फाइल मात्र फुगते. जेपीजी पुन्हा पुन्हा जतन केला, तर दर वेळी थोडी माहिती गळू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेले चित्र आधीच दाबलेले असते. वेबसाइटसाठी फोटो मागवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे.

शेवटचा मुद्दा खासगीपणाचा. मोबाइलच्या फोटोत तारीख, कॅमेऱ्याचे नाव आणि सेटिंग चालू असेल तर फोटो काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. घरून व्यवसाय करणाऱ्यांनी असा फोटो तसाच टाकला, तर घराचा पत्ता जगजाहीर होऊ शकतो. रूपांतर करताना ही माहिती काढून टाकण्याचा पर्याय बहुतेक साधनांत असतो. तो निवडला, की फाइल थोडी हलकी होते आणि घराचा ठावठिकाणाही खासगी राहतो.