न जिंकलेल्या मोटारीची कीर्ति

शर्यतीचा न्याय मोठा कठोर असतो. पहिला आला त्याचें नांव पाटीवर चढतें. जो मध्येंच थांबला त्याची आठवण दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्राबरोबर रद्दींत जाते. मोटारींच्या इतिहासांत मात्र या न्यायाला एक विलक्षण अपवाद सांपडतो. १९२९ ते १९३१ च्या सुमारास इंग्लंडांत ‘ब्लोअर बेंटली’ या नांवाच्या अवघ्या ५५ मोटारी तयार झाल्या. फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांची सुप्रसिद्ध शर्यत जिंकावी या हेतूनें त्या जन्माला आल्या, आणि ती शर्यत त्यांतील एकीनेंही जिंकली नाहीं. ज्याच्या नांवानें त्या ओळखल्या जातात, त्या कारखानदाराला त्या मुळींच नको होत्या. असें असूनही, ती शर्यत खरोखर जिंकणाऱ्या त्याच घराण्यांतल्या मोटारींपेक्षां ही अपयशी मोटारच लोकांच्या मनांत अधिक घर करून राहिली. असें कां व्हावें, हें पाहण्यासारखें आहे.

वॉल्टर ओवेन बेंटली हा मूळचा आगगाडीच्या कारखान्यांतला माणूस. १८८८ सालीं लंडनमध्यें जन्मलेला हा तरुण डॉंकास्टर येथें ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी करून इंजिनांचें काम शिकला. पहिल्या महायुद्धांत त्यानें विमानांसाठीं इंजिनें तयार केलीं. सॉपविथ कॅमल जातीच्या कांहीं लढाऊ विमानांना तीं बसविलेलीं होतीं. १९१९ सालीं त्यानें स्वतःची मोटार कंपनी काढली आणि पुढें लंडनच्या क्रिकलवुड भागांत कारखाना थाटला. रेल्वेंत तयार झालेली त्याची दृष्टि त्याच्या मोटारींतही दिसे. इंजिन भक्कम असावें, त्यानें आपलें बळ कण्हतकुंथत नव्हे तर सहजपणें द्यावें, आणि दिवसभर धांवूनही तें थकूं नये, असा त्याचा आग्रह होता.

या आग्रहाची कसोटी पाहणारी शर्यत १९२३ सालीं सुरू झाली. ले मान्स गांवाजवळच्या सार्वजनिक रस्त्यांवर एका दिवशींच्या दुपारपासून दुसऱ्या दिवशींच्या दुपारपर्यंत मोटारी धांवत. त्या अवधींत जी सर्वांत अधिक अंतर तोडील ती विजयी. पहिल्या वर्षीं बेंटलीची मोटार चौथी आली, १९२४ सालीं पहिली आली, आणि पुढें १९२७ पासून १९३० पर्यंत सलग चार वर्षें तो मान बेंटलीकडेच राहिला. १९२९ सालीं तर पहिले चारही क्रमांक बेंटलीनेंच पटकावले. या विजयी मोटारींत एक चढता क्रम दिसतो. १९२४ व १९२७ सालीं ३ लिटर, १९२८ सालीं साडेचार लिटर, आणि शेवटचीं दोन वर्षें साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’. लिटर म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांत मावणारें एकंदर माप. अधिक बळ पाहिजे असेल तर इंजिनच मोठें करावें, हा बेंटलीचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब हेन्री बर्किनला पटत नव्हता. नॉटिंगहॅमच्या एका धनाढ्य लेस-व्यापारी घराण्यांतला, युद्धांत वैमानिक म्हणून गेलेला, गळ्याला निळापांढरा ठिपक्यांचा रेशमी रुमाल बांधून शर्यतींत उतरणारा हा गृहस्थ मित्रमंडळींत ‘टिम’ या नांवानें ओळखला जाई. त्याचें म्हणणें असें कीं, साडेचार लिटरचें इंजिन तेंच ठेवावें, पण त्याला भाता लावावा. सामान्य इंजिन आपल्या ओढीनें जेवढी हवा घेईल तेवढीच घेतें. लोहार भात्यानें भट्टींत वारा घालतो, तशी हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरांत दाबून भरलें, तर तेवढ्याच इंजिनांतून कितीतरी अधिक शक्ति निघते. हें काम करणाऱ्या यंत्राला सुपरचार्जर किंवा बोलीभाषेंत ‘ब्लोअर’ म्हणतात. ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या इंजिनियरानें बर्किनसाठीं तो तयार केला. साध्या साडेचार लिटर बेंटलीची शक्ति सुमारें ११० अश्वशक्ति होती. ब्लोअर लावल्यावर रस्त्यावरील मोटारींत ती १७५ वर आणि शर्यतीच्या मोटारींत २४० वर गेली.

बेंटलीला हा प्रकार अजिबात रुचला नाहीं. इंजिनांत बळजबरीनें हवा कोंबणें म्हणजे त्याच्या मूळ रचनेची विटंबना करणें, असें त्याला वाटे. परंतु कंपनीची सूत्रें आतां त्याच्या एकट्याच्या हातीं नव्हतीं. दक्षिण आफ्रिकेंतील किंबर्लेच्या हिऱ्यांवर उभ्या राहिलेल्या संपत्तीचा वारस वूल्फ बार्नाटो यानें १९२६ सालीं कंपनी सांवरली होती, आणि त्यानें बर्किनला होकार दिला. शर्यतीच्या नियमानुसार अशा ५० मोटारी विक्रीसाठीं तयार करणें भाग होतें, त्याही कारखान्यानें केल्या. बर्किनच्या शर्यतीच्या मोटारींचा खर्च डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंनीं उचलला. याच पॅजेटबाईंच्या ‘गोल्डन मिलर’ या घोड्यानें पुढें १९३४ सालीं ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत जिंकली. मोटारींनीं मात्र त्यांना तसें यश दिलें नाहीं.

१९२९ च्या जून महिन्यांत ब्रुकलंड्सच्या मैदानावर ब्लोअर प्रथम शर्यतींत उतरली, तेव्हांपासूनच ती वरचेवर बिघडूं लागली. खरा प्रसंग आला तो १९३० च्या जूनमध्यें, ले मान्स येथें. जर्मनीच्या रुडोल्फ काराचिओलाची सात लिटरची प्रचंड मर्सिडीज सर्वांच्या पुढें होती. सुरुवातीच्याच फेऱ्यांत बर्किननें तिला लांब सरळ रस्त्यावर गांठलें. रस्ता अरुंद होता. बाजू द्यायला जागा नव्हती. ताशीं सुमारें १२५ मैलांच्या वेगानें, एका बाजूचीं चाकें गवतावर घालून, तो पुढें निघून गेला. लागलीच त्याच्या टायरचें वरचें रबर फाटून उडालें; तरीही तो थांबला नाहीं. त्या शर्यतींतील सर्वांत जलद फेरी त्याचीच ठरली. पुढें रात्रीं मर्सिडीज निकामी झाली, आणि मागाहून धांवणाऱ्या दोन्ही ब्लोअरही निकामी झाल्या. पहिला आणि दुसरा क्रमांक गेला तो बेंटलीच्या मनाजोगत्या, ब्लोअर नसलेल्या स्पीड सिक्स मोटारींकडे. हिशेबानें बेंटलीचें म्हणणें खरें ठरलें होतें. परंतु त्या शर्यतीची गोष्ट सांगतांना लोक आजही आरंभ करतात तो गवतावर गेलेल्या त्या चाकांपासून.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत पो शहराजवळ फ्रेंच ग्रांप्री शर्यत झाली. हलक्याफुलक्या बुगाटी मोटारींच्या गर्दींत बर्किन आपली दीड टनाहून जड बेंटली, तिचे दिवे आणि मडगार्ड काढून, घेऊन गेला आणि एतांसलँच्या बुगाटीच्या पाठोपाठ दुसरा आला. ब्लोअरच्या पदरांतलें सर्वांत मोठें यश तें हेंच.

यानंतरचा काळ पडता आहे. १९३० च्या ऑक्टोबरांत पॅजेटबाईंनीं एक मोटार वगळून बाकीच्यांचा खर्च थांबविला. १९२९ च्या जागतिक मंदीनें महाग मोटारींचें गिऱ्हाईक नाहींसें झालें होतें. १९३१ च्या जुलैंत बेंटली कंपनी बुडाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. राखून ठेवलेल्या त्या एका आसनाच्या ब्लोअरनें १९३२ च्या मार्चमध्यें ब्रुकलंड्स येथें ताशीं १३७.९६ मैलांचा विक्रम केला. दुसऱ्या वर्षीं मे महिन्यांत त्रिपोलीच्या शर्यतींत, दुसऱ्याच बनावटीच्या मोटारींत, तापलेल्या नळीवर त्याचा हात भाजला. जखम चिघळली, युद्धकाळांतला जुना हिवताप उलटला असेंही सांगतात. २२ जून १९३३ रोजीं तो वारला. तेव्हां त्याचें वय ३६ वर्षांचें होतें. बेंटली मात्र १९७१ पर्यंत जगला.

मग या मोटारीची मोहिनी कशांत आहे? तिच्या रूपापासून आरंभ करावा. पुष्कळ यंत्रांचें सामर्थ्य झांकणाखालीं दडलेलें असतें. ब्लोअर बेंटलीचा भाता रेडिएटरच्याही पुढें, समोरच्या चाकांच्या मध्यें, उघड्यावर बसविलेला आहे. यंत्रशास्त्राचा गंध नसलेल्या मुलालाही तिच्याकडे पाहून कळतें कीं येथें कांहींतरी जास्तीचें जोडलें आहे, आणि तें मोठ्या ईर्षेनें जोडलें आहे. तिचें सामर्थ्य आणि तिचा दोष हीं दोन्ही एकाच ठिकाणीं डोळ्यांसमोर आहेत.

दुसरें कारण अधिक खोल आहे. स्पीड सिक्सची गोष्ट विजयानें पूर्ण होते. तिच्याविषयीं वाद उरत नाहीं. ब्लोअरच्या बाबतींत दोन स्वभावांचा वाद उभा आहे. एक म्हणतो, जेवढें टिकेल तेवढेंच करावें. दुसरा म्हणतो, जेवढें होईल तेवढें करून पाहावें. कारखाना चालवावयाचा तर पहिल्याचें ऐकणें शहाणपणाचें, यांत शंका नाहीं. तरी संसारी, हिशेबी माणसालाही दुसऱ्याविषयीं मनांत एक कोपरा असतो. ही मोटार त्या कोपऱ्यांत जाऊन बसली. इयान फ्लेमिंगनें १९५३ सालीं जेम्स बाँड हा नायक निर्माण केला तेव्हां त्याला मोटार दिली ती व्हिलियर्सचा सुपरचार्जर लावलेली साडेचार लिटरची बेंटलीच. विजयी स्पीड सिक्स नव्हे.

पुढें या ओढीची किंमत पैशांतही दिसूं लागली. बर्किनची ती एका आसनाची मोटार २०१२ सालीं इंग्लंडांत लिलावांत निघाली आणि ५० लाख पौंडांहून अधिक किंमतीला गेली. २०१९ सालीं तर याहून नवल घडलें. बेंटली कंपनीनें आपल्याजवळची बर्किनच्या ताफ्यांतली मोटार सुटी करून तिचा एकेक भाग मोजून घेतला आणि तशाच १२ नव्या ब्लोअर बांधावयाचें जाहीर केलें. स्पीड सिक्सची पाळी त्यानंतर, २०२२ सालीं आली. ज्या मोटारीला संस्थापकाचा विरोध होता, तीच त्याच्या नांवाच्या कारखान्यानें नव्वद वर्षांनीं, जुन्या मापाबरहुकूम, सर्वांच्या आधीं पुन्हा बांधावयास घेतली.