आहारातील स्निग्धे व तपकिरी मेद

आहारातील स्निग्ध पदार्थांच्या प्रकारानुसार तपकिरी मेदाची उष्णतानिर्मिती व शरीराचा ऊर्जाव्यय यांत होणारा बदल.

स्विस निसर्गवैज्ञानिक कोनराड गेस्नर यांनी १५५१ मध्ये मार्मट प्राण्यातील तपकिरी मेद या ऊतकाचे वर्णन केले. १९७९ मध्ये रॉथवेल व स्टॉक यांनी मोठ्या उंदरांतील आहारजन्य उष्णतानिर्मितीशी त्याचा संबंध जोडला. प्रौढ माणसांतील सक्रिय तपकिरी मेद २००९ मध्ये निश्चित झाला.

तपकिरी मेदाच्या पेशींत कलकणू विपुल असतात (पहा : कोशिका). त्यांतील यूसीपी-१ हे प्रथिन मेदाम्लांमुळे उद्दीपित होते आणि एटीपी हा ऊर्जावाहक रेणू तयार होण्याऐवजी ऊर्जा उष्णतारूपाने बाहेर पडते. १९९० च्या दशकातील जपानी प्रयोगांत गाईच्या चरबीवर वाढविलेल्या उंदरांपेक्षा करडई तेलावर वाढविलेल्या उंदरांत तपकिरी मेदातील अनुकंपी तंत्रिकांची क्रिया अधिक आणि शरीरातील मेद कमी आढळला (पहा : मेदाम्ले).

करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सु. ७५% लिनोलेइक अम्ल असते (पहा : करडई). कोणत्याही खाद्यतेलातून प्रतिग्रॅम सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. करडई तेलाने माणसाचा तपकिरी मेद सक्रिय होतो, असे सिद्ध झालेले नाही.