लूप अँटेना : दीर्घ लहरींवर ऐकण्याचे साधन

लाकडी चौकटीवर किंवा प्लास्टिकच्या नळ्यांच्या सांगाड्यावर तांब्याच्या तारेचे काही वेढे घेऊन बनवलेल्या, तरंगलांबीच्या मानाने अत्यंत लहान असलेल्या अँटेनाला लूप अँटेना म्हणतात. हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या, सर्वांत खालच्या दोन पट्ट्यांवर ऐकण्यासाठी तो विशेष उपयोगी पडतो. यांपैकी २२०० मीटरचा पट्टा (१३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ) २००७ च्या आणि ६३० मीटरचा पट्टा (४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ) २०१२ च्या जागतिक रेडिओ संचार परिषदेत हौशी सेवेस दुय्यम वापरासाठी देण्यात आला. प्रत्यक्ष परवानगी त्या त्या देशाचे प्रशासन देते. प्रक्षेपणासाठी परवाना आवश्यकच असतो.

१३७ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २१९० मीटर आहे. पाव तरंगलांबीचा उभा अँटेना उभारायचा, तर मनोरा साडेपाचशे मीटरांचा हवा. प्रक्षेपण करणाऱ्याला ही अडचण फार नडते. ऐकणाऱ्याची मात्र तीतून सुटका होते. एक मीटर बाजूच्या चौकटीवर २० वेढे घेतल्यास त्या लूपची परिणामी उंची, जुळणी करण्यापूर्वी, जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर भरते. एवढ्याने भागते, कारण या वारंवारतांवर बाहेरून येणारा विद्युत गोंगाटच प्रचंड असतो. लहान अँटेनात संदेश क्षीण होतो, तसा गोंगाटही त्याच प्रमाणात क्षीण होतो, आणि राहिलेली तूट प्रवर्धक भरून काढतो. संदेश गोंगाटाच्या किती वर राहतो, हाच खरा प्रश्न. प्रवर्धकाचा स्वतःचा खरखराट बाहेरच्या गोंगाटाहून कमी असला म्हणजे झाले.

जुन्या ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्हचे दूरचे केंद्र नीट लागत नसे, तेव्हा संच किंचित फिरवून पाहण्याची सवय अनेक घरांत होती. त्या संचातील फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार हा लूपचाच धाकटा भाऊ. लूप आपल्या पातळीच्या दिशेने येणाऱ्या लहरी सर्वाधिक ग्रहण करतो. पातळीला काटकोनात येणाऱ्या लहरींना जवळपास बहिरा असतो. यातील ऐकण्याची दिशा पसरट, तर बहिरी दिशा अतिशय अरुंद असते. कमाल दिशेपासून लूप ३० अंशांनी फिरला, तरी संदेश केवळ सव्वा डेसिबलने घटतो. म्हणून जाणकार लूप संदेशाकडे वळवत बसत नाहीत. त्याची सपाट बाजू गोंगाटाच्या उगमाकडे धरतात. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांनी वेढलेल्या घरात हा गुण मनोऱ्याच्या उंचीपेक्षा मोलाचा ठरतो.

या गुणालाही मर्यादा आहेत. एका वेळी एकाच दिशेचा उपद्रव टाळता येतो, आणि घरातील वायरिंगभर पसरलेल्या गोंगाटाला एक दिशा नसतेच. शिवाय रात्री आयनावरणावरून परतणाऱ्या लहरी वरून, बदलत्या ध्रुवणाने येतात. त्या वेळी बहिरी दिशा पुसट होते. त्यामुळे लूप फिरवण्यापेक्षा तो घरापासून दूर नेणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते.

जुळणी कपॅसिटरने केली जाते. लूपचे इंडक्टन्स एक मिलिहेन्री असेल, तर १३७ किलोहर्ट्झसाठी सुमारे १३५० पिकोफॅरड लागतात. एकट्या फिरत्या कपॅसिटरने एवढे सहसा साधत नाही, म्हणून त्याला समांतर एक स्थिर कपॅसिटर जोडतात. एका वेगळ्या वेढ्यातून संदेश केबलद्वारे संचाकडे नेतात. जुळणी जितकी तीक्ष्ण, तितका पट्टा अरुंद: गुणांक १०० असल्यास सुमारे १.४ किलोहर्ट्झच नीट ऐकू येतात, आणि पट्टा तर २.१ किलोहर्ट्झचा. लाकडी चौकट दमट हवेत फुगते आणि जुळणी सरकते. कोकणपट्टीत प्लास्टिकच्या नळ्याच बऱ्या.

लूपभोवती धातूचे आवरण घातल्यास गोंगाटाचे विद्युत क्षेत्र अडते व केवळ चुंबकीय क्षेत्र आत येते, असा समज रूढ आहे. तो तितकासा खरा नाही. आवरणाचा मुख्य लाभ म्हणजे लूपच्या दोन्ही बाजू समतोल राहतात. हा समतोल बिघडला किंवा केबलच्या बाह्य आवरणावरून गोंगाट चढला, की बहिरी दिशा हरवते. केबल फेराइटच्या कड्यातून काही वेळा गुंडाळून घेणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

निसर्गाचा गोंगाट मात्र विजांचा असतो. एप्रिल-मेमधील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात गोव्यात या पट्ट्यांवर कडकडाटाखेरीज फारसे हाती लागण्याची आशा नको. वीज चमकत असताना तर केबल संचापासून काढून ठेवावी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अधिक अनुकूल. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये आणलेली ‘व्हिस्पर’ ही संगणकीय पद्धत सुमारे ६ हर्ट्झ रुंदीत, दोन-दोन मिनिटांच्या टप्प्यांत चालते आणि कानाला मुळीच न जाणवणारे संदेशही उलगडते.

लूप बांधण्यापूर्वी एक चाचणी करून पाहण्यासारखी आहे. संच बॅटरीवर चालवून घरातील मुख्य स्विच बंद करावा. गोंगाट एकदम उतरला, तर उगम घरातच आहे. तसाच राहिला आणि पुढे परिसराची वीज गेल्यावर थांबला, तर तो शेजारी शोधावा.