एकट्याने बोलणाऱ्यांची संमेलने

बिनतारी यंत्राने शेकडो मैलांवरच्या स्नेह्याशी रात्री घरबसल्या संवाद करणाऱ्या माणसाने त्याच स्नेह्याला भेटण्यासाठी आगगाडीचे भाडे का भरावे? प्रश्न वरवर रास्त आहे. तरीही १९२१ साली ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतील हौशी बिनतारीवाले आपापली यंत्रे घरी ठेवून शिकागो शहरी जमले आणि त्यांचे पहिले राष्ट्रीय संमेलन तेथे भरले. ही मंडळी तारायंत्राच्या कडकट्ट लिपीतून एकमेकांस पुरती ओळखत होती. कोणाचा हात जलद, कोणाचा अडखळता, हे कानाने पारखण्याइतका त्यांचा सराव होता. पाहिला नव्हता तो केवळ चेहरा. अशा प्रत्यक्ष भेटीला त्या लोकांच्या बोलीत डोळ्यांची गाठ अशा अर्थाचे एक गमतीदार नाव पडले, आणि ते अद्याप प्रचारात आहे.

या संघाचा उगमच मुळी एकमेकांच्या गरजेतून झालेला होता. कनेटिकट संस्थानातील हार्टफर्ड गावच्या हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या गृहस्थांस १९१४ साली पंचवीस-तीस मैलांवरील स्प्रिंगफील्ड येथे संदेश धाडावयाचा होता, पण यंत्राची झेप तितकी पोहोचेना. वाटेतल्या एका गावच्या हौशी माणसाने तो संदेश झेलून पुढे धाडला, आणि हातोहात निरोप पोहोचविणाऱ्यांची एक साखळी देशभर उभारावी अशी कल्पना मॅक्सिम यांस सुचली. त्याच वर्षी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन झाली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरताच सरकारने सर्व हौशी केंद्रे बंद केली, आणि संदेश धाडण्याची मोकळीक १९१९ साली परत मिळाली. शिकागोचे संमेलन भरले ते या सक्तीच्या मौनानंतर. पुढे चारच महिन्यांनी, १९२१ च्या डिसेंबरात, लीगने स्कॉटलंडला धाडलेल्या पॉल गॉडली याने आर्ड्रॉसन येथील समुद्रकाठच्या एका तंबूत बसून अटलांटिकपलीकडील हौशी केंद्राचे संदेश टिपले. ज्या केंद्राचा संदेश पूर्णपणे ऐकू आला ते ग्रिनिच येथील केंद्र एकट्यादुकट्याने उभारलेले नव्हते. ‘रेडिओ क्लब ऑफ अमेरिका’च्या सहा सभासदांनी ते मिळून बांधले होते, आणि त्यांत पुढे मोठ्या कीर्तीस चढलेला एडविन आर्मस्ट्राँगही होता. आपल्याकडेही नभोवाणीचा आरंभ हौशी मंडळांनीच केला. मुंबईच्या रेडिओ क्लबाने १९२३ च्या जूनमध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले, तेव्हा सरकारी नभोवाणीचे नावही कोठे नव्हते.

संमेलनांचा दुसरा एक प्रकार त्याच काळी दिसतो, पण त्याची जात निराळी. १९२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी नभोवाणीवाल्यांची परिषद वॉशिंग्टन येथे बोलाविली, आणि १९२५ पर्यंत अशा चार परिषदा भरल्या. तेथे स्नेहापेक्षा निकड अधिक होती. हवेतील लहरी मोजक्या व त्यांवर हक्क सांगणारे पुष्कळ. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या गाण्यावर आदळे. वाटणी करून घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याच खटाटोपातून अखेर १९२७ चा नभोवाणी कायदा निघाला.

पॉडकास्टचा धंदा करणाऱ्यांस ही निकड मुळीच नाही. पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित भाषण, संवाद अथवा कथन इंटरनेटवर ठेवावयाचे, आणि ज्याने वर्गणीदार म्हणून नाव नोंदविले त्याच्या यंत्रात ते आपोआप उतरावयाचे. नव्या अंकाची वर्दी देणारे एक लहानसे टिपण असते, त्याला ‘फीड’ म्हणतात. येथे लहरींची टंचाई नाही, परवाना नाही, मंत्र्याची परिषद नाही. कोणी एक गृहस्थ आपल्या खोलीचे दार लावून, रजईआड आवाज कोंडून, वर्षानुवर्षे एकटा बोलू शकतो. त्याला दुसऱ्या पॉडकास्टवाल्याचे तोंड पाहण्याची गरज काय, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे हे बरे, कारण ही कला जन्मली तीच दोन प्रत्यक्ष भेटींतून.

पहिली भेट २००० सालच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत झाली. डेव्ह वायनर हा संगणकाचे कार्यक्रम रचणारा, ‘आर. एस. एस.’ या वर्दी-टिपणाच्या पद्धतीवर काम करणारा. अ‍ॅडम करी हा एम. टी. व्ही. या दूरचित्रवाणी वाहिनीवरील एके काळचा लोकप्रिय निवेदक. त्या दिवसांत घरोघरच्या जोडण्या मंद असत. ध्वनीचा अथवा चित्राचा मोठा अंश मागविला की ऐकणारा ताटकळत बसे, आणि इतकी वाट पाहून पदरात पडे ते निकृष्ट. करीचे म्हणणे असे की, यंत्र रात्रभर जागेच असते. मग माणूस झोपला असताना त्याने सावकाश माल उतरवून घ्यावा आणि सकाळी तो तयार असावा. वाट पाहणे नाहीसे होत नाही, ते फक्त माणसाच्या नजरेआड जाते. कल्पना अगदी साधी, पण ती वायनरच्या गळी उतरविण्यास बरेच बोलावे लागले. त्या आधीच त्रिस्तां लुई नावाच्या लेखकाने वर्दीसोबत ध्वनी जोडण्याची सूचना लिहून मांडली होती. त्याच डिसेंबरात वायनरने ‘एन्क्लोजर’, म्हणजे पाकिटातील सोबतपत्रासारखी एक सोय, आपल्या पद्धतीत घातली आणि १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपार संदेश टिपल्यास शंभर वर्षे होत असता, २००१ च्या जानेवारीत, एक गीत तिच्यातून धाडूनही दाखविले. पुढे सुमारे दोन वर्षे त्या पाकिटाकडे फारसे कोणी फिरकले नाही. कागदावर असलेली सोय आणि लोकांच्या हाती आलेली सोय यांत असे अंतर पडतेच.

दुसरी भेट २००३ सालच्या ऑक्टोबरच्या ४ व ५ तारखांस, हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयातील बर्कमन केंद्रात झाली. तिचे नाव ‘ब्लॉगरकॉन’. जमलेली बहुतेक मंडळी इंटरनेटवर आपली रोजनिशी लिहिणारी होती, बोलणारे थोडे. पण त्या थोड्यांकडेच लक्ष दिले पाहिजे. क्रिस्टोफर लायडन हा मुरलेला वृत्तलेखक व मुलाखतकार. बोस्टनच्या नभोवाणीवरील त्याचा कार्यक्रम मालकीहक्काच्या वादातून २००१ साली त्याच्या हातून गेला होता. वायनर आणि तो दोघेही आता बर्कमन केंद्रात होते. त्या उन्हाळ्यात लायडनने मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला, पहिली मुलाखत वायनरचीच घेतली, आणि वायनरने त्या मालिकेसाठी सोबतपत्रासह वर्दीची सोय करून दिली. नभोवाणी केंद्र गमावलेल्या माणसाला केंद्रावाचून श्रोते मिळण्याची ही वाट होती.

संमेलनात या मुलाखती लोकांपर्यंत कशा पोहोचविल्या, तर तबकड्यांवर भरून हातोहात वाटल्या! आपोआप घरी उतरणाऱ्या ध्वनीचा नमुना हातात देऊन दाखवावा लागला, हा विरोधाभास मोठा मौजेचा आहे, आणि अर्थपूर्णही. ज्याने ती तबकडी घेतली त्याला प्रथमच कळले की, या वाटेने येणारा आवाज नभोवाणीच्या तोडीचा असू शकतो. बॉब डॉइल याने लायडनसाठी जुळविलेला, उचलून नेता येईल असा ध्वनिमुद्रणाचा संच तेथे मांडून दाखविला. असा संच वर्णनाने समजत नाही. कोणती तार कोठे बसते, मायक्रोफोन तोंडापासून किती अंतरावर धरावयाचा, हे पाहूनच शिकावयाचे असते. सुताराचा रंधा पत्राने शिकविता येत नाही, तसेच हे. हॅरल्ड गिलख्रिस्ट याने तोवरच्या ध्वनि-रोजनिशांचा इतिहास सांगितला. आणि पूर्वी अ‍ॅपल कंपनीत क्विकटाइमवर काम केलेल्या केव्हिन मार्क्स याने एक छोटासा कार्यक्रम चालवून दाखविला: वर्दीतील ध्वनी आपोआप उतरतो, अ‍ॅपलच्या आयट्यून्समध्ये जातो, आणि तेथून खिशातील आयपॉडमध्ये. सकाळी आयपॉड खिशात टाकावा आणि चालू लागावे.

करी त्या वेळी तेथे हजर होता. तीन वर्षांपूर्वी त्याने हॉटेलच्या खोलीत जे सांगितले त्याचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्याच कोणी तयार करून आणला होता. दोघांचे बोलणे झाले, एकत्र काम करण्याची भाषाही झाली. संमेलन आटोपून आठवडा-दीड आठवडा होतो न होतो तोच करीने त्याच धर्तीचा आपला कार्यक्रम वाचकांपुढे ठेविला आणि इतरांनी तो सुधारावा असे आवाहन केले. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याने ‘डेली सोर्स कोड’ ही आपली ध्वनिमालिका सुरू केली. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द त्याच वर्षी फेब्रुवारीत बेन हॅमर्सली याने लंडनच्या ‘गार्डियन’ पत्रात सहज लिहून टाकला होता. २८ सप्टेंबरला डॉक सर्ल्स या लेखकाने तो शब्द गूगलवर शोधला तेव्हा उत्तरे आली अवघी २४. २००५ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली, आणि त्या वर्षीचा शब्द म्हणून अमेरिकेतील ऑक्सफर्ड कोशाने याच शब्दाची निवड केली.

यश आले की पितृत्वाचे वाद येतात. २००५ च्या डिसेंबरात उघडकीस आले की, विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील पॉडकास्टच्या लेखात करीने निनावी फेरफार केले होते व मार्क्सच्या हार्वर्ड येथील प्रयोगाचा उल्लेख गाळला होता. बोभाटा झाल्यावर त्याने क्षमा मागितली. या प्रकरणात करीवर टीका पुष्कळ झाली आणि ती अनाठायी नव्हती. पण इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. मार्क्सचा प्रयोग खोलीभर माणसांसमक्ष झाला होता. तोच तो घरी एकटा करून बसला असता तर त्याच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा कोणता राहिला असता?

वायनरने या संमेलनांना जे वळण दिले तेही सांगण्याजोगे आहे. समोर बसलेल्यांना व्यासपीठावरच्या माणसाइतकेच कळते, किंबहुना अधिक कळते, असा त्याचा ठाम समज होता. म्हणून पुढील ब्लॉगरकॉनमध्ये वक्ते नाहीत, भाषणे नाहीत, श्रोतेही नाहीत, असा दंडक त्याने घातला. चर्चेचा एक सूत्रधार नेमावयाचा आणि बातमीदाराप्रमाणे त्याने ज्याला त्याला बोलते करावयाचे. आमच्याकडील साहित्य-संमेलनांच्या लांबलचक स्वागतपर भाषणांची ज्यांना सवय आहे त्यांना हा दंडक हेवा वाटण्यासारखा आहे. पैशाच्या बाबतीत मात्र आरंभ डौलदार नव्हता. पहिल्या संमेलनाच्या एका दिवसास ५०० डॉलर फी होती व दुसरा दिवस मोफत. लोकांनी नाके मुरडली, आणि २००४ च्या एप्रिलमधील दुसरे संमेलन सर्वस्वी विनामूल्य भरले.

फीचा हा काटा अजून बोचतोच आहे. २००५ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील ऑन्टॅरिओ येथे खास पॉडकास्टवाल्यांचे प्रदर्शन व परिषद भरली, तेव्हा यंत्रे विकणाऱ्यांची दुकाने थाटली गेली. २०१४ साली डॅलस येथे ‘पॉडकास्ट मूव्हमेंट’ सुरू झाले ते लोकवर्गणीतून. अनेकांनी आधी पैसे भरले, मग मंडप उभा राहिला. त्यानंतर तेही वाढत गेले, आणि वाढले तसे जाहिरातदार, दलाल व मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी तेथे येऊ लागले. तिकीट, प्रवास, हॉटेल मिळून जो खर्च येतो तो घरच्या खोलीतून बोलणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला झेपेलच असे नाही. ज्याला भेटीची गरज सर्वांत अधिक त्यालाच ती महाग पडते. ही उणीव खरी आहे आणि संमेलनांची स्तुती करणारे ती बहुधा झाकून नेतात.

असे असूनही माणसे का जातात, याचे एक कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपातच आहे. नाटकातील नटाला प्रेक्षकांची शांतता ऐकू येते, शिक्षकाला मुलांचे डोळे दिसतात. पॉडकास्टवाल्याला दिसतो तो आकडा. इतक्या यंत्रांनी अंक उतरवून घेतला एवढेच तो आकडा सांगतो. उतरलेला अंक कोणी ऐकला, की अर्ध्यावर सोडला, की मुळीच उघडला नाही, याविषयी तो मुका असतो. शिकागोच्या सार्वजनिक नभोवाणीतील मंडळींनी २००० साली उभारलेल्या ‘थर्ड कोस्ट’ महोत्सवाने या दुखण्यावर साधा उपाय शोधला: अनेकांनी एकत्र बसून ध्वनिरचना ऐकावयाची. आपण मोठ्या हौसेने ठेविलेल्या वाक्यावर कोणी हसले नाही, आणि सहज ठेविलेल्या विरामात मात्र खोली गप्प झाली, हे कर्त्याला तेथे बसूनच कळते.

२०२० साली साथीने सर्वांचीच दारे लागली. पॉडकास्ट मूव्हमेंट त्या वर्षी संगणकाच्या पडद्यावर भरले. व्याख्याने झाली, प्रश्नोत्तरे झाली, प्रवासखर्च वाचला, दूरदेशीच्या व तुटपुंज्या मिळकतीच्या लोकांना घरबसल्या लाभ झाला. हा फायदा लहान नव्हे. परंतु हार्वर्डच्या त्या दोन दिवसांत जे घडले त्यातले कार्यक्रमपत्रिकेवर किती होते? मार्क्सचा प्रयोग पडद्यावरही दिसला असता. प्रयोगानंतर त्याच्याशी करी जे बोलला ते मात्र भाषण संपल्यावरचे, उभ्याउभ्याचे बोलणे होते, आणि पडद्यावरचे संमेलन भाषण संपताच अंधारून जाते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, साथ पुरती ओसरलेली नसतानाच, ते संमेलन नॅशव्हिल शहरी पुन्हा प्रत्यक्ष भरले.